हिऱ्याचा हट्ट सोडा, मग नॅनोयंत्रांचं बोलू

विज्ञान दिनाच्या व्याख्यानापासून बेळगावातल्या आमच्या इंजिनिअर आणि मास्तर मंडळींत एक वाद पेटलाय तो अजून विझायचं नाव घेत नाहीये. विषय काय, तर अणूवर अणू रचून यंत्रं बनवता येतील का आणि सरकारनं त्यात पैसा घालावा का. व्याख्यात्यानं पडद्यावर हिऱ्याचे गियर गरागरा फिरताना दाखवले, ते बघून अर्धी मंडळी हरखली, उरलेल्या अर्ध्यांनी "कार्टून आहे ओ हे सगळं" म्हणून निकाल लावला, आणि तेव्हापासून चहाच्या टेबलावर, सकाळच्या फिरण्यात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडायलेत. आता सीमाभागात वाद कसा चालतो हे वेगळं सांगायला नको, १९५६ पासून सवय आहे आम्हाला, माणूस कुठल्या बाजूचा हे आधी ठरतं आणि नकाशा नंतर उघडला जातो. इथंपण तेच झालंय. एक बाजू म्हणते हिऱ्याची यंत्रं येणार, दुसरी म्हणते शक्यच नाही, आणि यंत्र बनवायचं तर ते हिऱ्याचंच असणार हे मात्र दोघांनीही न बोलता मान्य करून टाकलंय.

माझं म्हणणं असं की भांडण पदार्थावर व्हायला पाहिजे. नॅनोयंत्रांची पहिली पिढी कधी झालीच तर ती हिऱ्याची नसेल, मॅग्नेशियम ऑक्साइडसारख्या साध्या ऑक्साइडची असायची शक्यता जास्त, आणि आपल्या विद्यापीठांनी, आपल्या पैशातून, या शक्यतेची नीट चाचपणी करावी. मॅग्नेशियम ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेशिया, आपल्यातल्या प्रत्येकानं शाळेत बनवलाय. मॅग्नेशियमची फीत चिमट्यात धरून जाळली, डोळे दिपवणारा उजेड पडला आणि पांढरी राख उरली, ती राख म्हणजेच हा. पण त्या धुराचा थोडा भाग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरला तर काय दिसतं हे शाळेत कुणी सांगत नाही. काही दहा ते काही शे नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) घन दिसतात, अगदी करकरीत कडांचे, सपाट बाजूंचे, जणू कुणी मिलिंग करून काढलेत. हे घन कुणी घडवलेले नसतात, ज्वाळेतून बाहेर पडता पडता ते आपोआप तसे होतात. एवढा एकच मुद्दा घेऊन कुणी वाद सुरू केला असता तरी तो कितीतरी शहाण्यासारखा झाला असता.

मग हिरा आला कुठून? भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी २९ डिसेंबर १९५९ ला अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत भाषण देऊन "अणू हवे तिथे ठेवायला भौतिकशास्त्राची आडकाठी नाही" असा विचार मांडला, पण कुठल्या पदार्थाचं यंत्र हे काही त्यांनी ठरवून दिलं नव्हतं. अमेरिकन इंजिनिअर एरिक ड्रेक्सलर यांनी १९८१ पासून हा विचार तपशिलात नेला आणि पुढे त्यांच्या गणितात हिऱ्यासारखा कार्बन मध्यभागी आला. त्याला कारणही चांगलं होतं, हिरा सगळ्यात ताठ, सगळ्यात मजबूत, उष्णता वाहून नेण्यात अव्वल. मग रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड स्मॉली यांनी २००१ मध्ये आणि परत २००३ च्या जाहीर वादात ड्रेक्सलरना अडवलं, अणू पकडणारी बोटंच अणूंची असल्यानं ती जाड पडतील आणि पकडलेला अणू बोटालाच चिकटून राहील, असा त्यांचा आक्षेप. दोघं मोठी माणसं, स्मॉली तर फुलरीनसाठी, म्हणजे कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूंसाठी, १९९६ चे नोबेलवाले. पण त्या वादाचा अर्थ लोकांनी असा काढला की स्मॉली बरोबर तर नॅनोयंत्र संपलं, ड्रेक्सलर बरोबर तर हिऱ्याचे गियर उद्या दारात. वीस वर्षांहून जास्त झाली, आपण अजून तेच दोन संवाद पाठ म्हणतोय.

आता उद्यमबागेत किंवा मच्छेला कुठल्याही फाउंड्रीवाल्याला जाऊन विचारा, पंपाची बॉडी स्टीलची का ओतत नाही ओ, स्टील तर जास्त मजबूत? तो तुमच्याकडं बघून हसेल. ग्रे कास्ट आयर्न साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात नीट वाहतं, थंड होताना कमी आकसतं, मशिनिंगला सोपं जातं, कंपनं खातं, आणि पंपाला जेवढी ताकद लागते तेवढी त्यात असते. पुस्तकातल्या तक्त्यात पहिला नंबर कुणाचा यावरून इथं कुणी धातू निवडत नाही, हातात असलेल्या पद्धतीनं काय बनवता येतं आणि कामाला किती पुरतं यावर निवडतो. हे शहाणपण आमच्या गावात गल्लोगल्ली आहे, मग नॅनो म्हटल्यावर ते कुठं जातं?

इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास हेच सांगतो. १९४७ चा पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता, आणि इलेक्ट्रॉन किती सहज धावतात हे बघितलं तर आजही जर्मेनियम सिलिकॉनपेक्षा सरस आहे. तरी जिंकलं सिलिकॉन. एक कारण उष्णतेत टिकण्याचं, पण मोठं कारण त्याच्या अंगावर वाढणारा ऑक्साइडचा थर, टिकाऊ, पाण्यात न विरघळणारा, खालच्या क्रिस्टलचं रक्षण करणारा, आणि त्याच थराच्या जोरावर १९५९-६० च्या सुमारास बेल लॅब्समध्ये अटाला आणि काँग यांनी आजच्या चिपचा मूळ ट्रान्झिस्टर उभा केला. तक्त्यात दुसरा आलेला पदार्थ कारखान्यात पहिला आला.

मॅग्नेशियाच्या बाजूनं सगळ्यात मोठा मुद्दा त्याच्या रचनेचा आहे. मिठासारखीच रचना, एक मॅग्नेशियम एक ऑक्सिजन असं तिन्ही दिशांना आलटून पालटून, शेजाऱ्या-शेजाऱ्यातलं अंतर ०.२१ नॅनोमीटर. पण मिठात आयनांवर (म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंवर) एकेक भार असतो, इथं दोन-दोन, त्यामुळे ओढ कितीतरी जास्त, म्हणून मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं आणि मॅग्नेशियाला साधारण २८५० अंश लागतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या पदार्थाला दुसरा पर्यायच माहीत नाही. कार्बनला बघा की, ग्राफाइट होतो, हिरा होतो, नळ्या होतात, स्मॉलींचे चेंडू होतात, आणि आपल्या रोजच्या दाबाखाली त्याला खरं तर ग्राफाइटच व्हायचं असतं, हिरा हा अडकून पडलेला कार्बन आहे. चुकीच्या जागी एक कार्बन बसला तर तिथंही तो घट्ट बंध करतो आणि तुमची चूक कायमची होते. मॅग्नेशियामध्ये मॅग्नेशियमच्या शेजारी मॅग्नेशियम बसवायला गेलात तर विद्युतभारच त्याला ढकलून देतो. पृथ्वीच्या मँटलच्या, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधल्या थराच्या, तळाशी १३६ गिगापास्कल दाब असतो, तिथंही या पदार्थाची रचना तीच राहते, इतका तो एकनिष्ठ. शिवाय हिऱ्याचा पृष्ठभाग कापला की लोंबकळणारे बंध उरतात, त्यांची तोंडं हायड्रोजननं बंद करावी लागतात, मॅग्नेशियाची सपाट बाजू कापली तशीच जवळजवळ राहते, काही झाकावं लागत नाही. स्मॉलींच्या चिकट बोटांचा आक्षेप कार्बनच्या बाबतीत जेवढा जड आहे तेवढा इथं राहत नाही, कारण अणूला योग्य जागेची ओढ आधीच असते, बोटानं फक्त त्या जागेच्या जवळ न्यायचं.

"हे सगळं कागदावर ठीक आहे" असं आता कुणीतरी म्हणणार. तर मग कारखान्यात चला. हार्ड डिस्क वाचणाऱ्या हेडमध्ये दोन चुंबकीय थरांच्या मधे एक इन्सुलेटरचा पडदा असतो, त्यातून इलेक्ट्रॉन आरपार सटकतात आणि वरखालच्या चुंबकांच्या दिशेनुसार रोध बदलतो. आधी हा पडदा अ‍ॅल्युमिनाचा असायचा, तोच अ‍ॅल्युमिना जो आमच्या बेळगावच्या कारखान्यात बॉक्साइटपासून बनतो, फक्त अत्यंत पातळ आणि आतून अस्ताव्यस्त रचनेचा, आणि त्यात रोधातला बदल खोलीच्या तापमानाला साधारण ७० टक्क्यांच्या आसपास जाऊन अडकला होता. २००१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी गणित करून सांगितलं की पडदा क्रिस्टल मॅग्नेशियाचा केला तर हा बदल कितीतरी पटीनं वाढेल. २००४ मध्ये आयबीएममध्ये पार्किन यांच्या गटानं आणि जपानमध्ये युआसा यांच्या गटानं ते करून दाखवलं, बदल २०० टक्क्यांच्या आसपास, आणि २००८ पर्यंत जपानातच ६०० टक्क्यांच्या वर. पडद्याची जाडी एक-दोन नॅनोमीटर, म्हणजे मोजून काही अणू. यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट २००५ ची आहे. कारखान्यात वापरतात त्या स्पटरिंगनं, म्हणजे आयनांचा मारा करून उडवलेले अणू पृष्ठभागावर बसवायच्या पद्धतीनं, कोबाल्ट-लोह-बोरॉनच्या काचेसारख्या अस्ताव्यस्त थरावर मॅग्नेशिया टाकला तरी तो आपल्या आपण रांगेत उभा राहतो, आणि नंतर तापवलं की शेजारचा अस्ताव्यस्त धातूच त्याच्याकडं बघून क्रिस्टल व्हायला लागतो. शिस्त लावणारा पदार्थ आहे हा! सगळा खेळ काही अणूंच्या जाडीवर, आणि असा माल कोट्यवधींच्या संख्येत विकला गेला. हिऱ्याच्या गियरवाल्यांकडं दाखवायला यातलं काय आहे?

प्रयोगशाळेतही तेच. चांदीच्या क्रिस्टलवर एक-दोन थरांचा मॅग्नेशिया वाढवायचा आणि त्यावर एकेक अणू ठेवून त्याचं चुंबकत्व मोजायचं हे काम २०१५ पासून पक्कं झालंय, २०१७ मध्ये तर होल्मियमच्या एका अणूत एक बिट, म्हणजे ० किंवा १ एवढी माहिती, लिहून परत वाचला गेला. म्हणजे अणूशी खेळणारे लोक बसायला पाट म्हणून जो पदार्थ निवडतात तो हाच, फक्त पाटाचंच यंत्र करावं असं फारसं कुणी म्हटलं नाही.

आता विरोधी बाजू. तिच्यातला सगळ्यात दणकट आक्षेप पाण्याचा आहे आणि तो आमच्या सिव्हिलवाल्यांनी बरोबर हेरला. मॅग्नेशियाला पाणी लागलं की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होतो आणि तो दुप्पटीहून जास्त जागा घेतो. याच भीतीनं आपल्या भारतीय मानकात सिमेंटमधल्या मॅग्नेशियावर ६ टक्क्यांची मर्यादा घातलीये, कारण तो सिमेंटमध्ये हळूहळू, घर बांधून झाल्यावर फुगतो आणि आतून तडे देतो. डेन्मार्कमध्ये मॅग्नेशियाचे बोर्ड भिंतींना लावले आणि ते ओल धरून अक्षरशः गळायला लागले हेही एकानं पुढं केलं. बोर्डाचा दोष खरं तर त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडचा, तो हवेतलं पाणी ओढतो, तेव्हा ते बाजूला ठेवू. पण सिमेंटचा आक्षेप खरा आहे, आणि माझंच जर्मेनियमचं उदाहरण माझ्यावर उलटवता येतं, कारण जर्मेनियम हरलं ते त्याचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो म्हणूनसुद्धा! आंबोलीच्या वाऱ्यानं जिथं जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते त्या गावात बसून मी पाण्याला घाबरणारा पदार्थ सुचवतोय, हे मलाही कळतं.

तरी आक्षेप नीट बघा. पाणी सगळीकडं सारखं हल्ला करत नाही, सपाट बाजूवर त्याचा जोर कमी, पायऱ्या, कोपरे, खाचा असतात तिथं रेणू फुटतो आणि तिथून पोखरण सुरू होते. म्हणूनच १५०० अंशांच्या वर भाजलेला मॅग्नेशिया पाण्याशी अगदी सावकाश वागतो आणि हलका भाजलेला लगेच हायड्रॉक्साइड व्हायला बघतो, पदार्थ एकच पण दोष कमी-जास्त. लहान आकारात कोपऱ्यांचं प्रमाण वाढतं हे खरं. दहा नॅनोमीटरच्या घनात साधारण १२ टक्के अणू पृष्ठभागावर असतात, तीन नॅनोमीटरच्या घनात ३५ टक्के. म्हणजे अगदी बारीक भाग उघड्यावर टिकणार नाहीत, हे मी लिहून द्यायला तयार आहे. पण उघड्यावर ठेवा म्हणतंय कोण? हिऱ्याची जोडणीसुद्धा निर्वातातच करायचं सगळ्यांनी धरलेलं आहे, कारण तिथले उघडे बंध हवेतल्या कशालाही जाऊन चिकटतील. आणि हार्ड डिस्कमधला तो मॅग्नेशिया वर्षानुवर्षं धातूच्या थरांखाली दबून सुखरूप राहतो, भर पावसाळ्यात, बेळगावातल्या कॉम्प्युटरमध्येसुद्धा. बंद करून ठेवायची अट जाचक आहे, पण चिपलाही ती अट आहेच की.

दुसरा आक्षेप ताठपणाचा. हिऱ्याचा यंग्स मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, हजार गिगापास्कलच्या वर, मॅग्नेशियाचा अडीचशे-तीनशे. इथं मंडळी तक्ता दाखवून गप्प बसतात, गणित कुणी करत नाही. मी ढोबळ करून दाखवतो, सिव्हिलवाल्यांना कॅन्टिलिव्हर तोंडपाठ असतो. पाच नॅनोमीटर जाड आणि दहा नॅनोमीटर लांब मॅग्नेशियाची चौकोनी दांडी एका टोकाला पक्की धरली, मॉड्युलस कमीत कमी म्हणजे २५० घेतला, तर मोकळ्या टोकाचा ताठपणा येतो साधारण ३९ न्यूटन प्रति मीटर. खोलीच्या तापमानाला उष्णतेनं ते टोक किती थरथरेल? जेमतेम ०.०१ नॅनोमीटर. शेजारच्या दोन अणूंतलं अंतर ०.२१. म्हणजे थरथर एका अणूच्या जागेच्या विसाव्या भागाएवढी. हिऱ्याची दांडी घेतली तर ती याच्या निम्मी होईल, एवढाच काय तो फायदा. विसाव्या भागाचा चाळिसावा भाग करून घेण्यासाठी जोडणीची दहापट अडचण कुणी ओढवून घ्यावी?

तिसरा आक्षेप मला स्वतःला जास्त टोचतो. घनाकृती क्रिस्टल वळत नाही, त्याची गोल चाकं, बेअरिंग होणार नाहीत, आणि दोन सपाट बाजू समोरासमोर आल्या की विरुद्ध भार एकमेकांना धरून बसतील, पुढं सरकवलं की सारखे भार समोर येऊन ढकलतील, म्हणजे सरकणं म्हणजे खडखडाट. हायड्रोजन लावलेला हिरा इथं सरळ जिंकतो आणि ते मान्य करण्यात लाज नाही. पण यंत्र म्हणजे चाक हे कुणी ठरवलं? तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये तो आडवा की उभा हे ओळखणारा जो भाग आहे त्यात एकही चाक नाही, सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि परत येतात. सिलिकॉनपण ठिसूळच की. वाकणारे सांधे, पट्ट्या, खिट्ट्या यांच्यावर पुष्कळ काम होतं, आणि घासणारं काहीच नसल्यानं घर्षणाचा प्रश्नच बाजूला पडतो. जिथं सरकवायचंच आहे तिथं एक बाजू दुसरीच्या मानानं ४५ अंशात फिरवून ठेवली तर अणूंच्या रांगा जुळत नाहीत आणि पकड सैल व्हायला पाहिजे, ग्राफाइटमध्ये असं न जुळणारं सरकणं प्रयोगात दिसलेलं आहे. आयनांच्या क्रिस्टलमध्ये ते किती साधेल हा मोकळा प्रश्न आहे, आणि असा प्रश्न सापडणं ही चांगली गोष्ट आहे, वादात निदान मोजण्यासारखं काही आलं.

राहिला वेगाचा मुद्दा, तो थोडक्यात. दहा नॅनोमीटरच्या घनात साधारण एक लाख सात हजार अणू. सेकंदाला एक ठेवला तरी तीस तास, मिनिटाला एक ठेवला तर अडीच महिने. सुईच्या टोकानं अणू ढकलून १९८९ मध्ये झेनॉनचे ३५ अणू मांडले गेले, २०१४ मध्ये मिठाच्या पृष्ठभागावर खोलीच्या तापमानाला ब्रोमिनच्या २० अणूंचा स्विस क्रॉस झाला, आणि मॅग्नेशियाचा हलणारा भाग अणू-अणू ठेवून अजून कुणी बनवलेला नाही. पण हा हिशोब हिऱ्यालाही लागू आहे, उलट जास्त, कारण तिथं अणूही दाट असतात. मॅग्नेशियामध्ये निदान थरच्या थर वाफेतून आपोआप वाढवता येतो, एक थर झाला की दुसरा, सुईनं फक्त कुठं थांबायचं आणि कुठं कोरायचं तेवढं ठरवायचं. "निसर्गानं प्रथिनांची यंत्रं केलीत, तीच घ्या" म्हणणारा एक तिसरा पक्षपण आहे, त्यांचं बरंचसं खरं आहे, पण ती यंत्रं पाण्यात, अंगाच्या उबेत चालणारी आणि मऊ असतात, भट्टीजवळ किंवा निर्वातात ती काय करणार.

मग पैशाचं काय? २००७ च्या नॅनो मिशनला पाच वर्षांसाठी १००० कोटी मंजूर झाले होते, २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी जाहीर झाले. यातला मोठा वाटा मॅग्नेशियाला द्या असं मी म्हणत नाही, वेडा नाही मी. माझी तक्रार आमच्या भागातल्या कॉलेजांत नॅनोच्या नावाखाली जे चालतं त्याबद्दल आहे. मॅग्नेशियम नायट्रेट आणि युरिया भट्टीत पेटवायचं, पांढरी पावडर काढायची, एक्स-रेचा आलेख लावून कणाचा आकार काढायचा, त्या पावडरनं निळा रंग फिका करून दाखवायचा, पेपर टाकायचा. ही ज्वलनाची पद्धत के. सी. पाटील यांच्या गटानं बंगळूरच्या आयआयएससीमध्ये १९८० च्या दशकात खऱ्या अर्थानं नवी म्हणून उभी केली होती, आज ती रेसिपी झालीये. त्याच मॅग्नेशियाकडं पावडर म्हणून न बघता भाग म्हणून बघणारा एकही प्रोजेक्ट माझ्या बघण्यात आलेला नाही. आणि सुरुवात संगणकावर केली तर त्याला क्लीनरूम, म्हणजे धूळमुक्त महागडी प्रयोगशाळा, लागत नाही. मॅग्नेशिया हा संगणकावर आभासी प्रयोग करायला सगळ्यात सोप्या क्रिस्टलपैकी एक, साधी आयनांची सूत्रंही त्याला बऱ्यापैकी पकडतात, सॉफ्टवेअर फुकट मिळतं, खानापूर, निपाणी, चिकोडीचं पोरगं बऱ्यापैकी कॉम्प्युटरवर हे रात्रभर चालवू शकतं. हत्तरगीला विमानाचे भाग करताना मायक्रॉनमध्ये बोलणारी पोरंही याच जिल्ह्यातली, त्यांना टॉलरन्स शिकवायला नको.

सुरुवात कुठून करायची तेही सांगतो. संगणकावर मॅग्नेशियाच्या दोन सपाट बाजू ४५ अंशात एकमेकींवर ठेवा, सरकवायला किती जोर लागतो ते काढा, मग एका बाजूला एका अणूची पायरी करा, तिथं पाण्याचा एक रेणू सोडा आणि परत काढा. पायरी आणि पाणी आल्यावर जोर दहा-वीस पटीनं वाढला, वाकणारे सांधेही शंभरेक वेळा वाकून कडेला तुटायला लागले, तर मॅग्नेशियाचा नाद सोडून द्यावा आणि टायटॅनियम नायट्राइडकडं बघावं, रचना तीच, पाण्याला कमी भिणारा, फक्त वीज वाहून नेणारा असल्यानं त्याची गणितं जास्त किचकट. हिऱ्याकडं जायची घाई तेव्हाही करायला नको.